टँकमधून बॅकवॉटरमध्ये: सात जणांनी मिळून पोहायचं असेल तर

प्रश्न: आम्ही सात जण पुण्यात रोज सकाळी टँकवर पोहतो. वयं तिशी ते पन्नाशी. सगळ्यांना सलग दीड किलोमीटर फ्रीस्टाइल जमतं, पण दोघं जण जरा हळू आहेत. आता धरणाच्या पाण्यात आणि पुढे मालवणला समुद्रात सगळ्यांनी मिळून पोहायचं मनात आहे. सोबतीने पोहण्यात मजा काय, अडचणी कुठे येतात आणि तयारी कशी करावी?

उत्तर: तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ‘दोघं जण जरा हळू आहेत’. तिथूनच सुरुवात करू.

टँकमध्ये हळू असल्याने काही बिघडत नाही, भिंतीशी सगळे भेटतातच. उघड्या पाण्यात हिशोब वेगळा होतो. समजा तुमच्यातला सगळ्यात चपळ माणूस १०० मीटरला २ मिनिटं घेतो आणि शेवटचा अडीच. वीस मिनिटांनी पहिल्याचे १००० मीटर झालेले असतात, दुसऱ्याचे ८००. मध्ये २०० मीटर पाणी. पाण्याच्या पातळीवरून बघताना, वाऱ्याने जराशी लाट उठली असली, तर एवढ्या अंतरावरचं डोकं दिसत नाही. शिवाय फ्रीस्टाइल पोहणाऱ्याचं तोंड बहुतेक वेळ पाण्यात असतं. श्वासाला मान वळली की एका बाजूचा तुकडा क्षणभर दिसतो, तेवढाच. मागचा थांबला, ठसकला, वाट चुकला, तरी पुढच्याला पत्ता लागत नाही. सात जण बरोबर निघालेले असतात, पण पाण्यात प्रत्येक जण एकटा असतो, आणि ‘बाकीचे आहेत की’ या भरवशावर प्रत्येकाने जरा जास्तच धाडस केलेलं असतं.

हे नवशिक्यांच्याच बाबतीत होतं असं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीत फुजैराला १० किलोमीटरची विश्वचषक शर्यत झाली. त्यात फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा अव्वल दर्जाचा जलतरणपटू बुडाला. पाणी तापलेलं होतं. अवतीभवती स्पर्धक होते, तरी तो बाहेर आला नाही हे बाकीचे शर्यत संपवून किनाऱ्याला लागल्यावर लक्षात आलं. आज वर्ल्ड अॅक्वाटिक्स या जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांना पाणी १६ ते ३१ अंश सेल्सिअसच्या मध्ये असावं लागतं. तापमानाची वरची हद्द किती गंभीरपणे घ्यायची, हे या घटनेने दाखवलं. तुमच्यासाठी त्यातला दुसरा धडाही तितकाच मोठा आहे: कोण कोणावर लक्ष ठेवणार, हे नावानिशी ठरलेलं असलं पाहिजे.

म्हणून जोड्या. सात आकडा इथे सोयीचा आहे. सहा जण पाण्यात, तीन जोड्या, आणि सातवा त्या दिवशी काठावर किंवा कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीत. ही पाळी दर खेपेला फिरती ठेवा. तिघांची जोडी करू नये, कारण दोघं एकमेकांना धरून राहतात आणि तिसरा नकळत सुटतो. जोडी लावताना मैत्री किंवा नातं बघू नका, वेग बघा. १०० मीटरच्या वेळेत पाच ते दहा सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. नवरा-बायको दोघंही गटात असतील आणि वेग वेगळे असतील, तर त्यांनाही वेगळ्या जोडीत टाका. आपला माणूस मागे पडला की वेग बिघडतो आणि चिडचिडही होते.

जोडीतलं अंतर तीन ते पाच मीटर. एक युक्ती फार उपयोगाची आहे. उजवीकडे श्वास घेणारा डाव्या बाजूला आणि डावीकडे श्वास घेणारा उजव्या बाजूला ठेवा. मग दर श्वासाला दोघांना एकमेकांचा चेहरा दिसतो. वेगळं वळून बघावं लागत नाही. दोघंही उजवीकडेच श्वास घेत असतील, तर एकाने दर २०० मीटरला बाजू बदलायची किंवा दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकायचं. टँकमध्ये तीन-चार आठवड्यांत ते जमतं.

आणि सोबतीने पोहण्यातली खरी मजा इथेच आहे. शेजारच्याचा हात आणि तुमचा हात एका लयीत पडायला लागले की दम लागणं कमी होतं. टँकमध्ये आपण घड्याळाशी आणि भिंतीशी बांधलेले असतो. उघड्या पाण्यात हजार मीटर सरळ रेषेत, मध्ये काहीही आडवं न येता, कोणाच्या तरी बरोबरीने जाता येतं. खाली हिरवट अंधार, वर डोंगराची कडा आणि बाजूला एक ओळखीचा गॉगल. एकट्याने पोहताना मनात येणारे ‘खाली काय असेल’, ‘परत जाऊ का’ हे प्रश्न सोबत असली की बरेच कमी होतात. ते पूर्ण जात नाहीत, आणि जाऊही नयेत.

दुसरा फायदा ड्राफ्टिंगचा. पुढच्याच्या पायांमागे अर्धा मीटर राहिलात तर पाण्याचा विरोध सुमारे वीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. कमरेच्या बाजूला, जरासं मागे राहूनही फायदा मिळतो, थोडा कमी. पायांमागे पोहताना पुढच्याच्या लाथेचे बुडबुडे दिसत राहिले पाहिजेत. बुडबुडे संपले म्हणजे तुम्ही मागे पडलात किंवा बाजूला सरकलात. दर स्ट्रोकला त्याच्या तळव्यांना हात लावू नका, त्याची लय तुटते. मुख्य म्हणजे पुढचा बरोबर दिशेने चाललाय असं गृहीत धरू नका. वाट चुकलेल्याच्या मागे सगळी रांग चुकते. मागच्यानेही आपलं आपण बघायचं, फक्त जरा कमी वेळा.

बघायचं म्हणजे सायटिंग, आणि टँकच्या पोहणाऱ्यांची सगळ्यात मोठी उणीव तीच असते. टँकला तळाशी काळी रेघ असते. धरणाच्या पाण्यात तुमचा स्वतःचा हातही जेमतेम दिसेल. सायटिंग नसलं की एक किलोमीटरचे बाराशे मीटर सहज होतात. पद्धत अशी: पुढचा हात पाणी दाबायला सुरुवात करतो त्या क्षणी डोळे, फक्त डोळे, पाण्याच्या वर आणायचे. तोंड पाण्यातच. चित्र टिपलं की लगेच मान बाजूला वळवून नेहमीसारखा श्वास घ्यायचा. श्वासासाठी समोरच मान उचलली की कंबर खाली जाते आणि खांदे भरून येतात. संथ पाण्यात सहा ते आठ स्ट्रोकला एकदा बघणं पुरतं. लाट असेल तर लाटेच्या माथ्यावर असतानाच बघा. खड्ड्यातून समोर पाण्याची भिंतच दिसते.

खूण निवडताना पाण्यातला बोया, म्हणजे नांगरलेला तरंगता फुगा, ही शेवटची खूण. त्याच्या मागे उंच आणि न हलणारं काहीतरी धरा: टेकडीची खिंड, टाकी, टॉवर. खडकवासल्याच्या काठाने जाताना सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा कसा लांबून ओळखू येतो, तशी खूण हवी. जाताना आणि येताना वेगळी खूण लागते, म्हणून पाण्यात शिरण्याआधी दोन्ही दिशांना तोंड करून सगळ्यांनी ती बोट दाखवून ठरवायची. सकाळी पूर्वेकडे पोहताना सूर्य थेट डोळ्यात येतो. तेव्हा रंगीत काचेचा गॉगल घ्या, किंवा मार्गच असा आखा की थकलेले असताना परतीची वाट पूर्वेकडे नसेल.

आता टँकमधला सराव. २५ मीटरच्या टँकमध्ये १५०० मीटर पोहताना ५९ वेळा वळावं लागतं. दर वळणाला भिंतीला पाय मारून चार मीटर फुकट मिळतात असं धरलं, तर जवळजवळ २३५ मीटर तुम्ही पोहलेलेच नसता, आणि तेवढ्यात खांद्यांना विसावाही मिळालेला असतो. म्हणून पहिल्यांदा धरणात ६०० ते ८०० मीटर पोहायचं असेल, तर टँकमध्ये न थांबता २००० मीटर जमलं पाहिजे. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या टँकमध्ये जा.

अंतराइतक्याच महत्त्वाच्या काही गोष्टी आहेत आणि लोक नेमक्या त्याच टाळतात. खोल बाजूला भिंतीला हात न लावता दहा मिनिटं उभ्याने पाय मारत तरंगायचं. पाच मिनिटं पाठीवर, हात न हलवता. खोल पाण्यातच गॉगल काढून, पाणी झटकून परत लावायचा. एका लेनमध्ये तिघांनी खांद्याला खांदा लावून १०० मीटरचे चार सेट मारायचे, म्हणजे धक्का, लाथ, तोंडावर पाणी यांची सवय होते. रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून दहा स्ट्रोक पोहा आणि उघडून बघा, तुम्ही कुठल्या बाजूला सरकता ते कळेल. उघड्या पाण्यातही तिकडेच जाल. पाठीवर पाच मिनिटं तरंगता येत नाही त्याला बरोबर घेऊ नका, मग तो दोन किलोमीटर पोहत असला तरी.

कुठे आणि कधी, हा पुण्यात नाजूक प्रश्न आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही शहराला पिण्याचं पाणी देणारी साखळी जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं, मुळशी टाटांचं. जिथे मनाईची पाटी आहे तिथे उतरायचं नाही, पहाटे कोणी बघत नाही म्हणूनही नाही. रीतसर मार्ग म्हणजे ज्या शिबिराकडे, क्लबकडे किंवा जलक्रीडा केंद्राकडे परवानगी, होडी आणि जीवरक्षक आहेत त्यांच्याबरोबर जाणं. परवानगीचा कागद दाखवा म्हणायला संकोच करू नका. शहरातले तलाव डोक्यातून काढून टाका. पाषाणसारख्या तलावात सांडपाणी आणि जलपर्णी दोन्ही आहे. धरणाखालच्या नदीपात्रात तर कधीच पोहू नये. विसर्ग वाढवला की पाणी बघता बघता चढतं. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पावसाळ्यात बातम्यांत दहा हजार क्युसेक ऐकतो, तेव्हा ते सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या पुढे असतं.

महिने ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. धरणं भरलेली असतात, गढूळपणा खाली बसलेला असतो, सकाळी वारा नसतो. जून ते सप्टेंबर पूर्ण बंद. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं आणि काठाला गुडघाभर गाळ लागतो. त्यात पाय रुतला की माणूस घाबरतो आणि आणखी रुततो. गाळात आडवं व्हायचं, हातांनी रेटा द्यायचा आणि पोहण्याच्या पवित्र्यातच बाहेर सरकायचं. पाणी कमी झालं की बुडालेले बांध, जुन्या भिंती, झाडांचे बुंधे वर येतात किंवा हातभर खाली लपतात. म्हणून धरणात सूर मारायचा नाही, कधीच नाही. चालत जायचं, पायाने चाचपत. धरणाची भिंत, सांडवा, विमोचक (पाणी सोडायचं दार) यांच्या आसपासही फिरकू नका. वर पाणी शांत दिसतं, ओढ खालून असते.

उतरण्याआधी तिथल्या मासेमाऱ्यांशी बोला. जाळी कुठे लावलीत हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या एका रांगेत तरंगताना दिसल्या की खाली नायलॉनचं जाळं आहे असं समजा. पाय अडकला तर झाडायचा नाही, झाडला की गुंता वाढतो. पाय सैल सोडून, कमरेला बांधलेला फ्लोट धरून, आला त्या दिशेने उलटं सरकायचं आणि हाताने सोडवायचं. कयाकमधल्या माणसाकडे बोथट टोकाची कात्री असावी.

फ्लोट म्हणजे कमरेला पट्ट्याने बांधून मागे ओढत न्यायचा फुगा, नारिंगी किंवा गुलाबी. तो प्रत्येकाला हवाच. त्याचं पहिलं काम तुम्ही दिसावं हे, दुसरं काम दम खायला आधार देणं. तो लाइफ जॅकेट नव्हे, बेशुद्ध माणसाला तो वाचवत नाही. टोपी झळझळीत नारिंगी, पिवळी किंवा गुलाबी. निळी-काळी पाण्यात मिसळते, पांढरी फेसात. शिट्टी गॉगलच्या पट्टीला नको, फ्लोटच्या दोरीला बांधा.

खुणा तीनच ठेवा, जास्त ठेवल्या की ऐन वेळी आठवत नाहीत. हात सरळ वर करून डोलावला: मदत. मूठ डोक्यावर ठेवली: ठीक आहे. दोन्ही हात डोक्यावर आडवे: सगळ्यांनी इथे जमा. तीन लांब शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी आहे तिथे थांबून मान वर करायची.

मोजणी मोठ्याने करायची. उतरताना एक ते सहा, प्रत्येक थांब्यावर एक ते सहा, बाहेर आल्यावर एक ते सहा, आणि प्रत्येकाचा आकडा ठरलेला. काठावरचा माणूस चपलांचे जोड मोजतो. जोड सहा आणि माणसं पाच असतील तर कोणी कपडे बदलायला बसायचं नाही. थांबे दर २०० मीटरवर किंवा पाच मिनिटांनी, जे आधी येईल ते.

थांब्यावर एक अन्याय नेहमी होतो. पुढचे पोहोचतात, दोन मिनिटं विसावतात, आणि शेवटची जोडी आली की लगेच म्हणतात, ‘चला’. म्हणजे ज्यांना विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच ती मिळत नाही. दोन-तीन थांब्यांत हळू माणूस संपतो, आणि लाजेपोटी बोलत नाही. तिकडे पुढचे वाट बघत गारठतात. यावर उपाय आहे. पुढच्या जोडीने थांब्यावर न थांबता वळायचं, शेवटच्या जोडीपर्यंत मागे पोहत यायचं आणि तिच्याबरोबर पुन्हा पुढे जायचं. त्यांचं अंतर जास्त होतं, ते गरम राहतात, मागची जोडी एकटी पडत नाही. थांब्यावरचं एक मिनिट शेवटचा माणूस पोहोचल्यावर सुरू होतं, आणि ‘निघू या’ हे त्यानेच म्हणायचं. चपळ माणसाला हे मान्य नसेल तर त्याने त्या दिवशी वेगळी होडी घेऊन वेगळं पोहावं. गटात राहून स्वतःची शर्यत लावणाऱ्याइतका गटाला दुसरा धोका नाही.

एकच कयाक असेल तर ती शेवटच्या जोडीजवळ, होड्यांच्या वाटेच्या बाजूला ठेवा. कयाकला आधार घेताना पुढचं किंवा मागचं टोक धरायचं, बाजूला लटकलं की ती उलटते. इंजिनच्या होडीला बरोबर उलट: मागच्या टोकाला पंखा असतो, तिकडे जायचंच नाही. बाजूने धरायचं, आणि तेही इंजिन पूर्ण बंद झाल्यावर. नुसतं न्यूट्रल पुरत नाही. काठावरच्या माणसाकडे नावं, रक्तगट, घरचे फोन, उतरल्याची वेळ आणि ‘या वेळेला बाहेर’ ही ठरलेली वेळ लिहिलेली हवी. शिवाय तरंगणारी १५-२० मीटरची दोरी आणि एक रिंग. मोबाइलला रेंज कुठे मिळते हे आधी चालत जाऊन बघून ठेवा, पानशेत-वेल्ह्याकडच्या खोऱ्यांत ती भरवशाची नसते. आणीबाणीला ११२ किंवा रुग्णवाहिकेला १०८.

चुका बहुतेक पहिल्या तीन मिनिटांत होतात. सगळे उत्साहात निघतात, पाणी टँकपेक्षा गार असतं, तळ दिसत नाही. श्वास आखडतो. माणूस नीट सोडत नाही आणि घाईने घेत राहतो. छातीवर दडपण येतं, गॉगल ओढून काढावासा वाटतो. अंगात ताकद असते, पण हातपाय गळतात. म्हणून उतरल्यावर कमरेएवढ्या पाण्यात एक-दीड मिनिट नुसतं थांबा, तोंड बुडवून लांब फुंकर मारा. पहिले २०० मीटर मुद्दाम संथ, दर दोन स्ट्रोकला श्वास.

तरीही कोणी घाबरलं तर त्याने पाठीवर व्हायचं, फ्लोट छातीशी धरायचा आणि श्वास लांबवर सोडायचा. जोडीदाराने समोर, हाताच्या टप्प्याबाहेर राहायचं. घाबरलेला माणूस मिळेल त्याला मिठी मारतो आणि दोघं खाली जातात. गरज पडली तर आपला फ्लोट त्याच्याकडे ढकलायचा. संथ आवाजात त्याचं नाव घेऊन बोलायचं, प्रश्न विचारायचे. दोन मिनिटांत बहुतेक लोक सावरतात. सावरल्यावर ‘परत जायचंय’ म्हणाला तर समजूत घालायची नाही. जोडीच्या जोडी कयाकबरोबर मागे फिरते. हा नियम आधीच ठरलेला असेल तर म्हणणाऱ्याला संकोच वाटत नाही, आणि जोडीदारालाही आपला दिवस वाया गेला असं वाटत नाही.

पोटरीत गोळा आला तर पाठीवर होऊन पायाचा अंगठा स्वतःकडे ओढायचा, जोडीदार तळवा दाबू शकतो. हे किरकोळ आहे. किरकोळ नसलेली गोष्ट म्हणजे पोहता पोहता अचानक लागलेली धाप, थांबत नाही असा खोकला, छातीत घरघर, फेसाळ किंवा लालसर थुंकी. फुप्फुसात पाणी भरू लागल्याचं हे लक्षण असू शकतं, आणि नाकातोंडात पाणी गेलेलं नसतानाही असं होतं. लगेच बाहेर, ताठ बसवायचं, थेट दवाखाना. रक्तदाब असणाऱ्यांना याचा धोका जास्त. चाळिशीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हे सगळ्यांना पाठ असू द्या. तोंड पाण्याच्या रेषेशी, मान मागे, हात पाणी खाली दाबताहेत, आणि आवाज नाही. हाक मारल्यावर उत्तर आलं नाही तर वेळ घालवू नका. आधी काठी किंवा वल्हं पुढे करा, मग दोरी-रिंग फेका, मग कयाक न्या. हातात काही तरंगणारं न घेता पोहत जाणं हा अगदी शेवटचा उपाय. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर सुरुवात तोंडाने श्वास देऊन करा, मग ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवा. बुडण्यात मूळ बिघाड प्राणवायूचा असतो, म्हणून नुसते छातीवरचे दाब पुरत नाहीत. पोट दाबून पाणी काढायचा प्रयत्न करू नका. सातही जणांनी हे एक दिवसाच्या वर्गात पुतळ्यावर करून शिका. वाचून येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा पाण्यापेक्षा गार असते, त्यामुळे पाण्यात उबदार वाटतं आणि बाहेर आल्यावर हुडहुडी भरते. बाहेर आल्यानंतरही दहा-वीस मिनिटं शरीराचं आतलं तापमान उतरत राहतं. ओले कपडे लगेच काढा, आधी वरचं अंग पुसून स्वेटर आणि कानटोपी, मग बाकीचं. गोड गरम चहा घोट घोट. थरथर थांबेपर्यंत गाडी चालवायची नाही. पाण्यात असताना थंडी चढतेय हे ज्याचं त्याला उशिरा कळतं, जोडीदाराला आधी. बोटं एकमेकांपासून फाकलेली, स्ट्रोक मंदावलेला, बोलणं अडखळतं. थांब्यावर ‘आज तिथी कोणती, वार कोणता’ असं काहीही विचारा. उत्तराला वेळ लागला तर पोहणं तिथेच संपलं.

मालवणचा बेत धरणात पाच-सहा वेळा नीट पार पडल्यावर करा. चिवला बीचवर हिवाळ्यात वेगवेगळ्या अंतरांच्या सागरी जलतरण स्पर्धा होतात. पहिल्या समुद्रासाठी अशी स्पर्धा उत्तम, कारण होड्या आणि जीवरक्षक हजर असतात. स्वतंत्र सरावाला भरती-ओहोटीचा हिशोब लागतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे अंतिम वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्या. तारीख निवडायला मात्र हा आडाखा पुरतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते, अष्टमी-दशमीच्या भांगाच्या, म्हणजे लहान, भरतीला कमी. दशमीला पूर्ण भरती साडेसातच्या सुमारास येते, म्हणजे पावणेसात ते पावणेआठ ही वेळ नव्या गटाला सोयीची. उजेड असतो आणि पाणी जवळजवळ स्थिर.

किनाऱ्यापासून आत समुद्रात खेचणाऱ्या परतीच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या आणि मग आत वळा, जोडी न सोडता. खारं पाणी काखा, मान आणि मांड्या सोलून काढतं, तिथे आधी व्हॅसलिन लावा, पण रुमालाने. त्याच बोटांनी गॉगल धरला की काच दिवसभर धूसर. जेलीफिश डसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. तासाच्या वर पोहायचं असेल तर दर अर्ध्या तासाला २०० मिलिलिटर साखर-मिठाचं पाणी, दोरी बांधलेल्या बाटलीतून.

आपल्या पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पार करणारा पहिला आशियाई ठरला. असं एकट्याचं म्हणवलं जाणारं पोहणंही होडी, नावाडी, निरीक्षक आणि वेळेवर खाणं-पिणं पुरवणारी माणसं यांच्याशिवाय होत नाही. इंग्लिश खाडीत सहा जणांची रिलेही असते. प्रत्येकी एक तास, क्रम शेवटपर्यंत तोच. तुम्ही सात आहात, सहा पोहणारे आणि एक होडीवर सांभाळणारा. एवढ्या लांबचं आत्ता नको, पण हाच साचा धरणात १०-१० मिनिटांच्या पाळ्यांनी करून बघा. एक पाण्यात, एक कयाकमध्ये, बाकी होडीत. हळू पोहणारे दोघंही यात बरोबरीने मोजले जातात.

पहिल्या खेपेचा आराखडा असा ठेवा. साडेसहाला काठावर, मासेमाऱ्यांशी बोलणं, पाण्याचं तापमान थर्मामीटरने मोजून वहीत लिहिणं, खुणा बोट दाखवून ठरवणं. सात वाजता पाण्यात. काठाला समांतर, काठापासून ३० मीटरपेक्षा आत न जाता, १५० मीटर जायचं आणि परत, अशा दोन फेऱ्या. समोरचा काठ कितीही जवळ दिसला तरी पहिल्या दिवशी आडवं पार करायचं नाही, पाण्यावरचं अंतर डोळ्यांना नेहमी कमी दिसतं. पावणेआठला सगळे बाहेर. मग चहा-पोहे घेताना प्रत्येकाने, शेवटच्या जोडीपासून सुरुवात करून, आपल्याला कुठे भीती वाटली ते सांगायचं. पुढच्या खेपेच्या जोड्या आणि थांबे त्यावरूनच ठरवा.